डाव्या पायाचा चवडा

कांजूरमार्ग पूर्व,
मंगळवार, दुपार

प्रिय संघमित्रा,

अक्षर बघून लगेच पाकीट फाडू नकोस. एकदा वाच, मग फाड, जाळ, वडापाववाल्याला बांधायला दे, तुझी मर्जी. मी मोबाइलवरच लिहायला घेतलं होतं. चार ओळी टाइप करायचो, पुसायचो, परत टाइप करायचो. शेवटी वही काढली. टीवायची आहे, पहिली तीन पानं सोडली तर सगळी कोरी. हे पत्र मी तुझ्या आईच्या हातात देणार आहे, कारण द्रौपदीकाकू मी दिसलो की अजूनही "जेवलास का रे?" विचारतात. तू काय विचारशील ते मला माहीत नाही, आणि समोर उभं राहून ऐकायची हिंमत आज तरी नाही.

परवा रविवारी कराटेचा क्लास सुटल्यावर राजाराम सरांनी मला थांबवलं. म्हणाले, पोलीस भरतीची जाहिरात निघाली, शुक्रवारी शेवटची तारीख, आणि तू फॉर्म भरत नाहीयेस. मी म्हटलं, भरत नाही म्हणजे? तर तू त्यांना काय म्हणालीस ते त्यांनी सांगितलं. "सर, समोर उभं राहून, सांगून मारलेली लाथ मला अडवता आली नाही. रस्त्यावर कोण सांगून मारणार आहे? मला हे काम जमायचं नाही." सर आयुष्यात कुणाचं बोलणं सांगताना मालवणीत न वळवता सांगत नाहीत, आणि तुझं त्यांनी शब्दाला शब्द तुझ्या भाषेत सांगितलं. मग लादी पुसायचं फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली लादी परत पुसायला लागले. चौथीत शाळेच्या गॅदरिंगला खाकी घातली होती ती उतरवायला तू दोन दिवस तयार नव्हतीस, हे काकूंनी मला निदान दहा वेळा ऐकवलंय. ती मुलगी फॉर्म भरणार नाही. का, तर तिचा हात चुकला म्हणून. मी घरी आलो आणि ताटावरून उठलो. आई म्हणाली, याला आता काय झालं. हे झालं.

तुला मुद्द्याचं सांगायचंय, पण थेट तिथे गेलो तर माझा हात थांबेल, म्हणून जरा मागून येतो. चिडू नकोस.

विहाराच्या मागच्या हॉलमधला आपला पहिला दिवस आठवतो? कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा होता म्हणून सगळ्या खिडक्या बंद, आणि आत आपण पंधरा जण घामाने निथळत पाय पसरून बसलेलो. आपल्याला वाटलेलं आता सर हवेत उडून काहीतरी दाखवणार. त्यांनी खिशातून निळा खडू काढला. मला विचारलं, "पायाक बाजू किती?" मी म्हटलं दोन, वर आणि खाली. तू फिस्सकन हसलीस. मी मनात म्हटलं, ही कोण शहाणी. मग सरांनी प्रत्येकाच्या पायावर खडूने खुणा केल्या. बोटांच्या मागे तळव्याचा जो जाड भाग असतो तो चवडा. टाच. बाहेरची कड. वरची बाजू, म्हणजे पायाची पाठ. आणि गुडघ्याखाली नडगी. म्हणाले, "लाथ पायान मारतत असा लोकांका वाटता. पायाच्या एका जाग्यान मारतत. जागो आधी ठरव, मगे पाय उचल." त्या दिवशी एकही लाथ मारू दिली नाही. निळे पाय घेऊन घरी पाठवलं.

मला कुठला दम निघतोय. दुसऱ्याच आठवड्यात पॅडवर सरळ लाथ मारली, बोटं मागे न ओढता. अंगठा आधी लागला आणि नख काळंनिळं. तू पॅड फेकून ओरडत आलीस, "बोटं मागे, ओजस! हाताची नाही रे गाढवा, पायाची!" मग तिथेच फतकल मारून बसलीस, माझा पाय मांडीवर घेतलास आणि अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळत मला चवड्याचं लेक्चर दिलंस. सरळ लाथेला चवडा, मागच्या लाथेला टाच, बाजूच्या लाथेला टाच आणि कड, आणि जागा ठरत नसेल तर लाथ मारूच नको, गप उभा राहा. माझं लक्ष लेक्चरकडे नव्हतं हे तुला तेव्हाच कळलं असणार, कारण शेवटचा वेढा तू मुद्दाम आवळलास.

तू एकेक जागा अशी शिकलीस की मला राग यायचा. कड घट्ट व्हावी म्हणून गॅलरीत पायाच्या बाहेरच्या कडांवर चालायचीस, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, काटा गेला का गं पायात? तू म्हणालीस, नाही काकू, काढतेय. हे तू मला सांगितलंस तेव्हा आपण भाजीवाल्याच्या हातगाडीशी उभे होतो आणि हसता हसता मी त्याचे टोमॅटो पाडले. मला असं सगळं आठवतं. दिवस, वार, कुठल्या रंगाचा टॉप. नको तितकं आठवतं.

आणि बोली. ती सरांची स्वतःची पद्धत, दुसऱ्या कुठल्या क्लासात मी पाहिली नाही. जोडीने लढताना लाथ पायाच्या पाठीनेच मारायची. पाठ रुंद असते, मार पसरतो, कातडी चुरचुरते पण आत काही जात नाही. आणि पाठीची हाडं बारीक, म्हणून मारणाराही जपून मारतो. समोरच्याच्या कोपरावर बसली तर आपलाच पाय सुजतो. चवडा फक्त पॅडला आणि फळीला, कारण तिथे अख्ख्या अंगाचा जोर बोराएवढ्या जागेत उतरतो. म्हणून वंदन झालं की दोघांनी वाकायचं, स्वतःच्या पायाच्या पाठीवर हाताने थाप मारायची आणि मोठ्याने म्हणायचं, "पाठ." समोरच्याने म्हणायचं, "पाठ." मगच सुरुवात. नवीन पोरं हसायची. सर हसू द्यायचे आणि म्हणायचे, एकदा बोली झाली की समोरचो डोळे मिटून तुझ्यासमोर उभो आसा असा समज.

आता माझ्याकडे येतो. कॉलेजचं तुला माहीत आहे, पण तुला जे सांगितलं त्यात मी हिरो होतो. खरं म्हणजे हजेरीच्या यादीत माझं नाव नव्हतं आणि ते नसणं बरोबरच होतं, मी जातच नव्हतो. क्लार्क फक्त म्हणाला, "प्राचार्यांना भेट, सही आण." बस, एवढंच. मी आयकार्ड त्याच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. तू गेटवर होतीस. तुला वाटलं मी परत जाईन. "उचलून आण जा," म्हणालीस. मी म्हटलं, ओजस फेकलेलं उचलत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मग फेकू नकोस ना." आणि रिक्षात बसलीस. त्यानंतर मी अंधेरीला एमआयडीसीत लागलो, टाचदुखीवाल्यांसाठी बुटातले तळवे बनवतात तिथे, आणि तू पहाटे मुलुंडच्या मैदानावर गोळाफेकीला जायला लागलीस. तिथे सुबोध. गेल्या भरतीत लागलेला, अंगात नवी खाकी, वर शिकवायची हौस. तो तुला मनगट कसं फिरवायचं ते दाखवतो, हे तू मला सहज सांगितलंस. मी ते सहज ऐकलं नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका छापून झाली होती तेव्हा, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी काहीतरी दुसरं शोधलं असतं, खोटं कशाला बोलू.

तो डिसेंबरचा रविवार. तुझी भरतीची मैदानी चाचणी अकरा दिवसांवर. तू सुबोधच्या बाइकवरून उतरलीस, थेट मैदानावरून, पायाला माती. तो पण आत आला, बघायला म्हणून, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सरांनी जोड्या लावल्या, तू आणि मी. बोली झाली. पहिल्या मिनिटात तू मला दोनदा टिपलंस, एकदा पोटात, एकदा कानाजवळून, इतकी हलकी की केस हलले फक्त. सुबोधने शिट्टी मारली. "झकास, संघमित्रा!" तू हसलीस. माझ्याकडे बघून हसलीस, त्याच्याकडे नाही, आज मला ते लख्ख दिसतंय. तेव्हा फक्त शिट्टी ऐकू येत होती. मी डाव्या पायाची फिरकी लाथ मारली, तुझ्या उजव्या बरगडीवर. तू हात बरगडीपाशी आणलास. आवाज आला. तू नुसती खाली बसलीस आणि उजवा हात डाव्या हाताने धरलास, दुसऱ्याची वस्तू धरावी तसा.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. एक्स-रे, कोपराखालचं हाड मोडलेलं, प्लॅस्टर, आणि मैदानावर उजव्या हाताने गोळा टाकायचा दिवस आला तेव्हा तू गळ्यात हात अडकवून घरात. सगळे म्हणाले, हात खाली राहिला तिचा, आडवा लागला, नशीब. मी पण म्हणालो. तुझ्या आईसमोर म्हणालो. आणि आठ दिवस पायाला क्रेप बँडेज गुंडाळून लंगडत फिरलो, कारण पाठ कोपरावर बसली तर पाय सुजतो हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी मला स्टुलावर बसवलं, बँडेज सोडलं, पाठीवर अंगठ्याने दाबून बघितलं आणि परत बांधलं. "सूज लवकर उतरली," एवढंच म्हणाले. आणि तू, प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताने टाइप करून, रोज एक मेसेज. "पाय कसा आहे तुझा?" चार दिवस मी उत्तर दिलं. मग मला ते वाचवेना. मी फोन उचलणं बंद केलं, तुमच्या गल्लीतून जाणं बंद केलं. तुला वाटलं असेल, प्लॅस्टरवाली पोरगी नको झाली याला. किंवा सुबोधमुळे. ही दोन्ही कारणं मला तुझ्या मनातून काढून टाकायचीत, कारण तीही खोटी आहेत. दहा महिन्यांत एक दिवस असा नाही की मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलो नाही.

मागच्या महिन्यात कामावर एक शांताबाई आल्या. कुठल्याशा हॉस्पिटलात आया आहेत, मुलीने बळेच आणलं होतं. आमच्याकडे मऊ फोमच्या डब्यात पाय दाबून ठसा घेतात. डावा ठसा खोल, उजवा जेमतेम टेकलेला. मी म्हटलं, मावशी, उजवी टाच दुखते ना? "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, या फोमने. "मग त्याला म्हणावं गप बस. मुकादमाला कळलं तर वॉर्डातून काढेल मला." आणि बाई ताठ चालत गेली बघ, एवढ्या दुखऱ्या टाचेवर, लिफ्टपर्यंत. मला माझे ते बँडेजवाले आठ दिवस आठवले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही मी.

रविवारी सरांनी तुझं वाक्य सांगितलं, त्यानंतर दोन रात्री कशाबशा काढल्या. आज सकाळी कामावर दांडी मारली आणि सरांच्या घरी गेलो. ते दारात बसून शेंगा सोलत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिका सांगलंस?" मी म्हटलं, नाही. "मगे माका कित्याक सांगतंस? हाड माझा मोडला?" आणि शेंगा घेऊन आत गेले. मी तिथून निघालो तो सरळ घरी येऊन ही वही घेऊन बसलो.

तर ऐक. माझा पाय घसरला नव्हता. वेग चुकून जास्त झाला नव्हता. माझ्या पायाला काही झालं नव्हतं, एक दिवसही नाही, ते बँडेज नाटक होतं. मी वाकून पाठीवर थाप मारली, "पाठ" म्हटलं, तू "पाठ" म्हटलंस, आणि शिट्टी ऐकल्यावर मी पाय उचलला आणि हवेत बोटं मागे ओढली. चवडा लावला. ठरवून. बोटं आपोआप मागे जात नाहीत, ती ओढावी लागतात, आणि मी ती ओढली हे मला त्याच क्षणी माहीत होतं. तुला लागावं असं वाटत होतं मला. इतकं नाही, पण लागावं. तुझा हात तिथे पाठ अडवायला आला होता, आणि पाठ असती तर ती तिथेच थांबली असती, तू हसली असतीस आणि तिसरा गुणही तुझा झाला असता. समोरून चवडा आला तरीही हात बरोबर जागी होता, म्हणून हाडावर गेलं, नाहीतर बरगडी आत गेली असती, डॉक्टर बोललेत हे, तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि मुद्दाम तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. येत्या रविवारी मी हे सगळं क्लाससमोर बोलणार आहे, सुबोधलाही बोलावणार आहे. ब्राउन बेल्ट सरांच्या हातात देणार, आणि त्यांनी मला क्लासात ठेवून घेतलं तर नव्या पोरांच्या रांगेत पांढऱ्या बेल्टवर उभा राहणार, हाकललं तर जाणार. द्रौपदीकाकूंना पत्र देतानाच सांगणार, मग त्यांनी जेवण विचारलं नाही तरी चालेल. तुला माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू बघ, आणि मी तुझ्यावर किती जीव टाकतो वगैरे लिहायचा हक्क मी त्या रविवारी घालवला. फक्त फॉर्म भर. शुक्रवारी साइट लटकते, गुरुवारीच भर, फोटो आणि जातवैधतेचा कागद आधी स्कॅन करून ठेव. त्या क्षणी तुझ्यासमोर मी होतो, दोन हातांवर, दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल इतकं स्पष्ट मला दिसलं. तुझा हात खाली नव्हता, संघमित्रा. तुझा हात वेळेवर आला होता.

तू मान नाहीतर नको मानू,
तुझाच,
ओजस